पर्मनंट नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टर व्हायचंय, रेट बघून उडी मारू का?

रात्रीचा_डिप्लॉय

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, जरा लांबलंय तेवढं सांभाळून घ्या.

आयटीत अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा याच कंपनीत. बॅकएंडने सुरुवात केली मग हळूहळू डेव्हऑप्सकडे (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं आणि चालू ठेवणं) सरकलो, कुबरनेटीस, टेराफॉर्म अशी त्यातली टूलं, पाइपलाइनी हे रोजचं. दोन वर्षांपासून नावापुढे 'लीड' लागलंय, म्हणजे काय तर दिवसभर मीटिंगा आणि खरं काम रात्री सगळे झोपल्यावर (म्हणून हा आयडी).

तर एक जुना सहकारी आता दुसऱ्या कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे, तो म्हणतोय सहा महिन्यांचं काम आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणून ये, दिवसाच्या रेटवर, पुढे वाढेल. रेट ऐकल्यावर मी मोबाइलवरच गुणिले २२ गुणिले १२ केलं आणि आकडा आत्ताच्या पगाराच्या बरोब्बर दीडपट आला. तेव्हापासून झोप नाही. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे, बायकोची नोकरी आहे, मुलगी चार वर्षांची, होमलोनची नऊ वर्षं बाकी. बायको म्हणते कर, सासरे म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला. राजीनामा ड्राफ्टमध्ये पडून आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, सेंड दाबू का?

जुनाखोड

आठ वर्षं हेच करतोय म्हणून लिहितो. आधी तो मोबाइलवरचा गुणाकार पुसून टाका, कारण २२ गुणिले १२ म्हणजे २६४ दिवस होतात आणि इतके दिवसांचे पैसे कॉन्ट्रॅक्टरला कोणीही देत नाही, मला एकाही वर्षी मिळाले नाहीत.

शनिवार-रविवार सोडले की वर्षात साधारण २६० दिवस उरतात. त्यातून सार्वजनिक सुट्ट्या १० गेल्या. तुम्ही स्वतः २० दिवस सुट्टी घेणार (घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी वेड लागतं). आजारपणाचे ६ धरा, मुलगी चार वर्षांची आहे म्हणजे ती आणेल ते सगळं तुम्हालाही होणार. राहिले २२४. मग एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचा गॅप, ३० दिवस धरले तर मी फार निराशावादी आहे असं नाही. १९४. आणि इनव्हॉइस, हिशेब, नव्या क्लायंटशी बोलणं, इंटरव्ह्यू (हो, दर सहा-आठ महिन्यांनी इंटरव्ह्यू) आणि नवीन काही शिकणं, या कशाचेच पैसे कोणी देत नाही, त्याचे १९ दिवस. उरले १७५.

आता तुमचा पगार १०० धरला तर दीडपट रेटने १७५ दिवसांचे येतात ९९. म्हणजे तेवढेच! आणि त्या ९९ मधून लॅपटॉप, इन्शुरन्स, अकाउंटंटची फी, म्हातारपणाची तरतूद हे सगळं तुमच्या खिशातून. कंपनी आत्ता पगाराच्या वर जे भरते ते धरून तुमची खरी किंमत १२५ च्या आसपास असेल, ती १७५ दिवसांत वसूल करायची तर दिवसाचा रेट आत्ताच्या दिवसाच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट, नेमकं सांगायचं तर १.८९ पट लागतो. त्याखाली असेल तर तुम्ही पगार कमी करून घेऊन वर जोखीम घेताय.

दुसरं, ज्याने माझं पहिलं वर्ष खाल्लं. जानेवारीच्या पहिल्या तारखेला काम सुरू केलं, जानेवारीअखेर इनव्हॉइस पाठवलं, करारात पैसे द्यायला ६० दिवस लिहिलेले. फेब्रुवारीच्या दहा तारखेला त्यांच्या अकाउंट्समधून इनव्हॉइस परत आलं, त्यावर परचेस ऑर्डरचा (क्लायंटच्या खरेदी-मंजुरीच्या कागदाचा) नंबर नाही म्हणून. तो नंबर मला कोणी दिलाच नव्हता. नंबर टाकून परत पाठवलं तर ६० दिवस पुन्हा पहिल्यापासून. पहिला पैसा आला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तोपर्यंत मी रोज नऊ-नऊ तास काम करत होतो आणि हप्ते सेव्हिंगमधून जात होते. क्लायंट वाईट नव्हता हं, सगळे पैसे आले, फक्त पहिले यायला काम सुरू केल्यापासून सव्वातीन महिने लागले. त्यामुळे लोक म्हणतात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा तो काम मिळेपर्यंतचा समजू नका, त्यातले तीन महिने काम मिळाल्यावरच उडतात. मी नऊ म्हणेन.

आणि होमलोनमध्ये काही बदल करायचा असेल, नवीन कार्ड, घरच्यांचा स्वतंत्र मेडिक्लेम, सगळं राजीनाम्याच्या आधी उरका. एकदा सॅलरी स्लिप बंद झाली की बँक दोन-तीन वर्षांचे हिशेब मागते, आणि मेडिक्लेममध्ये जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

लूपमध्ये_अडकलेला

मी पण याच होडीत म्हणून बुकमार्क केलंय. जुनाखोड काका, ते १७५ वाचून मी माझा ड्राफ्ट डिलीट केला 😀

टेस्टिंगवाली

मी दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करून परत नोकरीत आले, पैशाचं काही वाईट झालं नाही, वेळेवर मिळाले. माझं वेगळंच होतं म्हणून लिहिते कारण हे कोणी सांगत नाही.

क्लायंट तुम्हाला घेतो ते तुम्हाला आधीच येतं त्यासाठी. मला सेलेनियमचं (वेबसाइट आपोआप तपासायचं टूल) ऑटोमेशन येत होतं, तर दोन वर्षं चारही क्लायंटकडे तेच, जुने स्क्रिप्ट नीट करा, रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना ही तपासणी) लावा, पुढे चला. परफॉर्मन्स टेस्टिंगचं काम निघालं की ते त्यांच्या पर्मनंट माणसाला शिकायला द्यायचे, बरोबरच आहे म्हणा, त्यांनी माझ्या शिकण्याचे पैसे का द्यावेत. डिझाइनची चर्चा सुरू झाली की 'हा भाग इंटर्नल आहे' म्हणून कॉलमधून बाहेर. दोन वर्षांनी सीव्हीत क्लायंट चार आणि स्किल एकच. परत नोकरी शोधताना हे फार टोचलं.

पण चांगलंही होतं, अप्रेझलचं नाटक नाही, कोणाचं राजकारण नाही, संध्याकाळी लॅपटॉप बंद म्हणजे बंद. तुमची तक्रार वाचली तर ती मीटिंगांची आहे, पगाराची नाहीच. मग आधी याच कंपनीत लीडपद सोडून सीनियर इंजिनिअर म्हणून परत जाता येईल का हे विचारलंत का? लोकांना ते पायरी उतरल्यासारखं वाटतं म्हणून विचारतच नाहीत. नाही म्हणाले तर राजीनामा आहेच की ड्राफ्टमध्ये.

जुनाखोड

टेस्टिंगवाली, हे खरंय, मी याच्यावर लिहायला हवं होतं. मी ते १९ दिवस शिकण्यासाठी मुद्दाम धरतो ते यामुळेच. तरी डेव्हऑप्समध्ये जरा बरं असतं, दर क्लायंटचा गोंधळ वेगळा असतो 😀 आणि काका नको हो, केस आहेत अजून.

अटी_लागू

मी वकील नाही पण करार वाचायची वाईट सवय आहे. रेटवर सगळे बोललेत म्हणून मी कागदावर बोलतो.

नव्या करारात बघा की नोटीस दोन्हीकडून सारखी आहे का, बऱ्याचदा क्लायंट ७ दिवसांत काढू शकतो आणि तुम्हाला मात्र ३० दिवस बांधलेलं असतं, म्हणजे सहा महिन्यांचं काम हे खरं तर सात दिवसांचंच आहे. कोडचा हक्क त्यांच्याकडे जाणार हे ठीक, पण पैसे दिल्यावर जाईल असं लिहून घ्या. नुकसानभरपाईला वरची मर्यादा हवीच, प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) आडवं झालं तर अमर्याद जबाबदारी तुमच्यावर असं एक वाक्य आत कुठेतरी लपलेलं असतं आणि तुम्ही डेव्हऑप्सवाले म्हणजे त्या वाक्याच्या अगदी तोंडावर. त्यासाठीचा प्रोफेशनल इन्डेम्निटी इन्शुरन्स मिळतो, तो घ्या. मध्ये एजन्सी असेल तर 'आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ' अशी अट आहे का ते शोधा.

आणि एकच क्लायंट, त्यांचाच लॅपटॉप, त्यांच्याच वेळा, त्यांचाच मॅनेजर, असं असेल तर बऱ्याच देशांत टॅक्सवाले म्हणतात हा कॉन्ट्रॅक्टर कसला, हा तर नोकरच. ब्रिटनमध्ये तर यासाठी २००० सालापासून आयआर३५ नावाचा वेगळा नियमच आहे. तुमच्याकडे काय चालतं ते सीएला आधी विचारा, नंतर विचारलं तर फी जास्त लागते.

पण सगळ्यात आधी आत्ताच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढा. सहा वर्षांपूर्वी सही केलीत ते. क्लायंटकडे जाण्यावर बंदी, साइडला काम करण्यावर बंदी, काय काय आहे ते वाचा आणि मग बोला.

रात्रीचा_डिप्लॉय

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अटी_लागू, तुमचं वाचून काल रात्री लेटर शोधलं. अट आहे. नोकरी सोडल्यापासून १२ महिने, मागच्या २४ महिन्यांतल्या कुठल्याही क्लायंटकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम करायचं नाही. आणि मित्राची कंपनी दीड वर्षापूर्वीपर्यंत आमची क्लायंट होती, एक छोटंसं मायग्रेशन केलं होतं आम्ही त्यांच्यासाठी, मी त्या टीममध्येही नव्हतो. मित्राला फोन केला तर म्हणतो अरे कोण बघतंय, ये तू.

टेस्टिंगवाली ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. विचारलं नव्हतं. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला एप्रिलनंतर बघू, म्हणजे नाहीच.

अटी_लागू

कोण बघतंय म्हणणारा कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहत नाही. अशी अट कितपत टिकते हे जागोजागी वेगळं आहे, पण तुम्हाला ते स्वतःच्या पैशाने तपासून बघायची हौस नसेल तर दोन मार्ग. एक, एचआरकडून लेखी नाहरकत, ईमेल चालेल, तोंडी चालणार नाही. क्लायंट जुना आहे, काम बंद आहे, बरेचदा देऊन टाकतात. दुसरा, सहा महिने थांबा. ते काम दीड वर्षापूर्वी संपलं म्हणताय तर अजून सहा महिन्यांनी ते २४ महिन्यांच्या बाहेर जातं, मोजणी राजीनाम्यापासून की शेवटच्या दिवसापासून ते मात्र नीट वाचा.

जुनाखोड

थांबा असं मीही म्हणेन. नऊ महिन्यांच्या खर्चातला बराचसा तेवढ्यात साठेल. आणि मित्राला खरंच गरज असेल तर सहा महिन्यांनीही असते, हे या धंद्यातलं फार जुनं निरीक्षण आहे.

रात्रीचा_डिप्लॉय

अपडेट. बायकोबरोबर बसून एक्सेल केलं, खर्च साडेपाच महिन्यांचाच जमलेला आहे. राजीनामा ड्राफ्टमध्येच ठेवलाय. मेडिक्लेमचा फॉर्म भरला. मित्राला सरळ ईमेल केली की सप्टेंबरनंतर जमेल, रेट १.८९ पट आणि पैसे ३० दिवसांत. उत्तर आलं, सप्टेंबर चालेल, ३० दिवस चालतील, रेट १.७ च्या वर जाणार नाही. एचआरला अजून काही बोललो नाही.

जुनाखोड

१.७ वर पहिलं काम म्हणून हो म्हणा, मुदतवाढीच्या वेळी रेट पुन्हा बोलू असं त्याच ईमेलमध्ये लिहून. आणि परचेस ऑर्डरचा नंबर पहिल्या दिवशीच मागून घ्या.