मदत हवी आहे : १४ बोकड दारात विकावेत की दिल्लीला न्यावेत?

मंडळी, ग्वाल्हेरजवळ बरबरी आणि जमनापारी या शेळीच्या जातींच्या संकराचे १४ बोकड विक्रीला तयार आहेत. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस झालेली आहे. फितीने छाती २८ इंच, लांबी २६ इंच. छाती × छाती × लांबी भागिले ६६० केलं की सरासरी ३१ किलो भरतात. दारात येणारा व्यापारी काटा लावू देत नाही, कमरेवर हात दाबून नगावर भाव ठोकतो. पण रोख देतो, आणि गाडीभाडं, वाटेतली वजनाची घट सगळं त्याच्या माथी.

दुसरा पर्याय दिल्लीची गाझीपूर मंडी. भरल्या गाडीला सहा तासांच्या वर लागणार, म्हणजे पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला आलाच. वाटेत पोट रिकामं होऊन ७ टक्के घट धरली तरी १४ नगांचे मिळून ३० किलो गेले, म्हणजे जवळजवळ एक बोकड रस्त्यातच गेला! वर आडत. शिवाय भाव पडला तरी माल कोणी परत नेत नाही, हे दलालाला पक्कं ठाऊक असतं.

१४ नगांना गाडी परवडते का, की शेजाऱ्यांचे मिळून ४० झाल्यावर निघावं? अनोळखी बोकड एकत्र भरले की झुंजतात. शिंग मुळातून मोडलं तर ईदचं गिऱ्हाईक गेलं. यातले ६ दोन दाती आहेत, म्हणजे दोन पक्के दात आलेले, कुर्बानीला चालणारे. ते बकरी ईदपर्यंत थांबवून उरलेले ८ आताच खाटकाला द्यावेत का? आग्र्याकडे काट्यावर घेत असतील तर वजन उतरवल्याबरोबर करतात की पाणी पाजून?