मदत हवी आहे : शोभेच्या लेन्सची तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी. भाचीच्या हळदीला मेकअपवालीने तिला करड्या रंगाच्या लेन्स लावल्या. नंबर नाही, नुसती हौस. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी बुबुळावर ओरखडा सांगितला. थेंब चालू आहेत, बराच उतार आहे, त्यामुळे औषधांचे सल्ले कृपया नकोत.

लेन्स वाशीतल्या एका कॉस्मेटिकच्या दुकानातल्या. काचेची कुपी, वर मुलीचा फोटो आणि कोरियन अक्षरं. आयातदाराचं नाव-पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, एक्स्पायरीवर दुकानाच्याच किमतीचं स्टिकर! विचारलं तर म्हणे, "ताई, नंबर नसला की हे काजळासारखंच."

काजळ बुबुळावर चिकटवतात का?

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांत मोडतात, आणि ती विकायला औषधविक्रीचा परवाना नसेल तर एमडी-४२ नोंदणी लागते, एवढं मी शोधलं. अमेरिकेत २००५च्या कायद्याने बिननंबरी रंगीत लेन्सलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आपल्याकडे अशी शोभेची लेन्स उपकरणात धरतात की दुकानदाराला पळवाट आहे?

अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात कुणी अशी तक्रार केली आहे का? पक्कं बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे. कुपी सोबत न्यावी का? मेकअपवालीला यात ओढायचं नाही, ती बिचारी रोज रडत फोन करते.