अनुभव धागा: युनियनच्या माणसांवर सुपरवायझर म्हणून उभं राहताना

बी-शिफ्ट, वेर्णा

गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन ऑपरेटर सुपरवायझर झाले. मशीनचं ट्रेनिंग पंधरा दिवस. युनियनशी कसं वागायचं त्याचं ट्रेनिंग एका वाक्यात: "जरा सांभाळून रे." सांभाळून म्हणजे नक्की काय, ते कळायला मला अकरा वर्षं लागली. म्हणून हा धागा काढतोय. गोव्यात कारखाना, हॉटेल, बंदर, जेटी, कुठेही युनियनच्या माणसांकडून काम करून घेतलं असेल तर लिहा. कंपनीची, माणसांची नावं नकोत. फुशारकी नको, फजिती चालेल.

पहिली फजिती माझीच. पॅकिंगची जनरल शिफ्ट साडेपाचला सुटायची. लाइनीवर सावर्डे-कुडचड्याकडच्या सात-आठ बायका. साडेपाचला निघून मडगाव स्टँडवर पोचेपर्यंत त्यांची बस सुटलेली असायची, मग तासभर ताटकळत. एका पावसाळ्यात एकीने विचारलं, "सर, दहा मिनिटं आधी सोडाल?" सोडलं. गेट पासवर सही माझी. असे तीन पावसाळे गेले, आणि उन्हाळेही.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी विचारलं, हे कुणी चालू केलं? मी लाइनीवर जाऊन जाहीर केलं, उद्यापासून साडेपाच म्हणजे साडेपाच. दुसऱ्या दिवशी युनियनचा सेक्रेटरी केबिनमध्ये आला. आवाज चढवला नाही. गेट पासांच्या कार्बन कॉप्यांचा गठ्ठा, दोन बाजूंनी रबर लावलेला, टेबलावर ठेवला. "सही कुणाची, सर?" माझीच, निळ्या पेनाची, खाली उमटून जांभळी झालेली. मग शांतपणे म्हणाला, चालत आलेली सवलत काढायची तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवसांची नोटीस लागते. चौथ्या अनुसूचीत लिहिलंय, वाचून बघा. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागदही काढला.

मला म्हणायचं होतं, सवलत मी दिली होती, कंपनीने नाही. तोंडाशी आलं आणि गिळलं. मॅनेजर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते त्यावरून कळलं की असा काही फरक नसतो.

शेवटी तिथेच तोडगा निघाला. आमची जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची होती. त्या बायकांची तीस केली, कायद्याला अर्धा तास पुरतो. पाच वीसला सुटणं कायम. दोन्ही बाजूंच्या सह्या. हे तीन वर्षांपूर्वीच सुचलं असतं तर? सुचलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

जेटीवाला

मी निवृत्त. खनिजाच्या लोडिंग जेटीवर होतो, बार्जी भरून बंदराकडे पाठवायचो. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. आमच्याकडे चाळीसेक माणसं, सगळी युनियनची. रोज सकाळी येऊन हजेरी लावायची आणि रिकाम्या कन्व्हेयरखाली बसायचं. नदीत बार्जी नांगर टाकून उभ्या. रोज एकच प्रश्न: कधी सुरू होणार?

मी आपला धीर द्यायला सांगत गेलो, "दिवाळीनंतर." मग "नाताळनंतर." वरून कुणी असं काही सांगितलेलं नव्हतं. एकाने माझ्या भरवशावर बहिणीच्या लग्नासाठी सोसायटीचं कर्ज उचललं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २१ एप्रिल २०१४ ला. तोवर माझ्याकडे कुणी काही विचारायला येत नव्हतं. थेट युनियनच्या पुढाऱ्याकडे जायचे. मी समोरून गेलो की बोलणं थांबायचं.

पुढे काम थोडं सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. १६ मार्चपासून परत बंद. या खेपेला मी सांगितलं, "मला ठाऊक नाही. ठाऊक झालं की तुम्हाला आणि तुमच्या कमिटीला एकाच वेळी सांगेन." एवढंच. त्यातला विंच चालवणारा म्हातारा म्हणाला, "आता खरं बोलायला लागलात." टोमणा होता की शाबासकी, अजून ठरलेलं नाही.

लिननरूम

बार्देशात किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होते. बाई सुपरवायझर आणि खाली युनियनच्या बायका, म्हणजे सोपं असेल असं लोकांना वाटतं. त्यांना एक डिसेंबर तिथे काढू द्यावा.

नाताळाच्या आठवड्यात हॉटेल फुल्ल. दुपारी सव्वातीनला एका रूम अटेंडंटला मी म्हटलं, अजून दोन चेक-आउट रूम करून दे. तिचा कोटा सकाळीच संपला होता. ती ट्रॉलीवर चादरी रचत होती, मागे न वळता म्हणाली, "आतां जावचें ना." मी दमलेली, तीही दमलेली. मी तडक ऑफिसात जाऊन इंग्रजीत रिपोर्ट खरडला: कायदेशीर आदेश मानायला नकार, उद्धट वर्तन, वरिष्ठांशी असभ्य भाषा. एचआरने त्यावरून चार्जशीट काढली, आणि चौकशी लागली.

तिच्या बाजूने युनियनचा एक जण बसला होता, आमच्याच किचनमधला. त्याने मला तीनच प्रश्न विचारले. ती नेमकं काय म्हणाली? मी सांगितलं. हे असभ्य कसं? मी गप्प. तिसरा: "बाय, तुझ्या घरात 'जावचें ना' म्हणजे 'करणार नाही' की 'होणार नाही'?" आमच्या घरात कोंकणीच बोलतात. त्याचा अर्थ 'होणार नाही' असाच होतो. एका बाईला दुपारी सव्वातीनला आणखी दोन रूम होण्यासारख्या नव्हत्या, एवढंच ती म्हणाली होती. 'नकार' हा शब्द मी घातला. 'उद्धट' माझा. 'असभ्य' तर मला त्या फॉर्मच्या जुन्या नमुन्यात मिळाला होता, खरं सांगते.

चौकशीत आरोप टिकले नाहीत. तिला परत माझ्याच मजल्यावर पाठवलं. पहिले चार दिवस आम्ही ट्रॉलीच्या दोन बाजूंनी एकमेकींना 'गुड मॉर्निंग' एवढंच म्हणायचो. मग मी एकदा लिननरूममध्ये दार लावून तिला सांगितलं की माझं चुकलं. तिने तोंडभर हसून माफ वगैरे केलं नाही. म्हणाली, "कागदावर तसं लिहून दे." दिलं.

त्यानंतर माझ्या रिपोर्टात तीन गोष्टी असतात: किती वाजले होते, तिथे कोण होतं, आणि माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचं वाक्य. विशेषणं मी जेवणाच्या टेबलासाठी ठेवते.

फाइलवाला, पणजी

आयुष्यभर लेबर केसेसच्या फायली वाहिल्यात, इथल्या पाटो भागातल्या श्रमशक्ती भवनात माझी अर्धी हयात गेली. बी-शिफ्ट यांनी ९-अ लिहिलंय ते त्या काळाचं बरोबर. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. सेवाशर्ती बदलायला २१ दिवसांची नोटीस तिथेही आहे, फक्त ती आता कलम ४० मध्ये आणि यादी तिसऱ्या अनुसूचीत. संपासाठी १४ दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयुक्त सेवांना लागायची, आता सगळ्या औद्योगिक आस्थापनांना. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती, दोन्ही बाजूंची माणसं सारखी. ती नुसती नोटीस बोर्डावर ठेवू नका.

आणि सुपरवायझर मंडळी, देखरेखीचं काम करून १८,००० च्या वर पगार असेल तर तुम्ही स्वतः या संहितेत 'कामगार' नाही. युनियनचं संरक्षण त्यांना आहे, तुम्हाला नाही. तरी गेटवर शिव्या तुम्हालाच.

कमिटी मेंबर, कुंडई

दुसऱ्या बाजूचा लिहू शकतो ना? नाही म्हणालात तरी लिहितोय.

गोड बोलणारा सुपरवायझर आम्हाला नको असतो. गोड बोलणाऱ्याचा तर जास्त संशय येतो. आम्हाला हवा तो, जो बदल करायच्या आधी सांगतो. सगळी लाइन ऐकत असताना मला "काय रे पुढारी" म्हणू नका. त्यानंतर मला पुढाऱ्यासारखंच वागावं लागतं, नाहीतर माझी माणसं मला जाब विचारतात. बाजूला घ्या, दोन मिनिटं बोला, पन्नासातली तीस भांडणं तिथेच मिटतात. (आकडा माझ्या अंदाजाचा, फाइलवाल्यांनी धरून बसू नये.)

गेट मीटिंगला कोण उभं होतं ते खिडकीतून लिहून घेऊ नका. दिसतं आम्हाला. आमच्याकडे एका सुपरवायझरने कॉन्ट्रॅक्टच्या दोन पोरांना चहाच्या मशीनपाशी सांगितलं, "युनियनच्या नादाला लागू नका, परमनंट करायचं मी बघतो." त्याला वाटलं, समजावतोय. कायद्यात ती अनुचित कामगार प्रथा होते. आम्ही लेबर कमिशनरकडे अर्ज टाकला, आणि त्या पोरांऐवजी सुपरवायझरच दुसऱ्या प्लांटला गेला. बिचारा मनाने वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आमचंही. एकदा एक जण रात्रपाळीत झोपलेला सापडला. झोपला होता, मला माहीत होतं. तरी मी सुपरवायझर आकस ठेवतो म्हणून तक्रार लढवली, कारण दोन महिन्यांवर युनियनची निवडणूक होती आणि झोपणाऱ्याच्या गावची अकरा मतं. सुपरवायझरने वेळ टाकून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन सरळ रिपोर्ट लिहिला होता. आम्ही हरलो. मनातून मला बरं वाटलं, तेव्हा बोललो नाही.

कालचा कमिटीवाला, सत्तरी

मी कमिटीत सहा वर्षं होतो, मग सुपरवायझर झालो. कुंडईकर लिहितात त्या दोन्ही खुर्च्यांवर बसलोय. सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं. काल "अरे तू" म्हणणारा आज मुद्दाम "होय साहेब" म्हणतो, आणि त्या 'साहेब'मध्ये काय काय असतं ते मला ठाऊक, कारण मीही तसाच म्हणायचो.

पहिल्याच वर्षी चवथ आली. चौदा माणसं, बारा अर्ज. पाच जणांशिवाय बॉयलर चालत नाही. म्हणजे नऊ सोडता येतात, तिघांना नाही. प्रत्येकाच्या घरी गणपती. प्रत्येकाला आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं) सामान आणायला रानात जायचंय. माझ्या जुन्या दोस्ताने अर्ज सगळ्यात शेवटी दिला, तरी मी त्याला सोडलं. का, तर त्याने मागितल्यावर नाही म्हणता आलं नाही. आमच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं: सणाची रजा आळीपाळीने, मागच्या वर्षी ज्याला नाकारली त्याला आधी. हे कलम बोलणीच्या वेळी मीच भांडून घालून घेतलं होतं! मागच्या वर्षी नाकारलेला माणूस चवथीच्या दिवशी बॉयलरपाशी उभा होता. तो काही बोलला नाही. डबा उघडला, त्यात नेवऱ्या (करंज्या) होत्या, एक मला दिली. ती नेवरी खाताना जे वाटलं ते कुठल्याही शो-कॉजने वाटलं नसतं.

दुसऱ्या वर्षी आदल्या तीन वर्षांची यादी काढून जुलैतच बोर्डावर लावली. कोण कधी राबला, कोण कधी घरी. दोस्त रुसला. दिवाळीला बोलायला लागला.

नवा, पिसुर्ले

सगळं वाचलं. सोमवारी माझी सुपरवायझर म्हणून पहिली शिफ्ट. करारपत्राची कॉपी एचआरला मागितली तर म्हणाले, कपाटात आहे, चावीवाले मॅडम रजेवर. काय करू?

बी-शिफ्ट, वेर्णा

युनियनच्या सेक्रेटरीकडे माग. शर्टाच्या खिशात असेल. झेरॉक्स काढून त्याची त्याला परत दे, आणि देताना विचार, यातलं कुठलं कलम आमच्याकडून सगळ्यात जास्त मोडतं.

नवा, पिसुर्ले

विचारलं. हसला आणि म्हणाला, बस, चहा मागवतो, वेळ लागेल.