शब्दचर्चा: टाका, खांब, घर – विणताना कशाला काय म्हणायचं? (चौपदरी, पीळ, उभी ओळ आणि आकडा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

चौपदरी

चार-पाच जण गप्पा मारत विणायला बसले की हात आपापले चालतात, पण एकमेकांना काही सांगायची वेळ आली की शब्द अडतात. 'पुढचा उलट घे' हे दोन सुयांवर विणणाऱ्याला लगेच कळतं, पण शेजारी क्रोशाची सुई घेऊन बसलेल्याला त्याचा उपयोग नाही. 'दोन घरं सोडून खांब घाल' हे क्रोशावाल्याला कळतं, पण दोन सुयांवाला गोंधळतो. वर 'विणकाम' हा शब्द मागालाही चालतो, स्वेटरलाही आणि क्रोशाच्या रुमालालाही.

म्हणून हे प्रश्न. 'विणणे'मध्ये नेमकं काय काय येतं? क्रोशातला उभा टाका म्हणजे खांब, मग 'मुका खांब' हा मुका का? टाका 'पडतो', 'गळतो' की 'सुटतो'? आणि उसवणं, सोडवणं, उलगडणं यांत फरक करावा का?

पीळ

'विणणे' पहिल्यापासूनच ऐसपैस आहे. माग, खाट, चटई, टोपली, कोळ्याचं जाळं, स्वेटर, सगळ्यांना तेच क्रियापद. संस्कृतात यासाठी 'वे' हा धातू आहे, 'वयति' म्हणजे विणतो. 'विणकर' म्हटल्यावर मात्र डोळ्यांपुढे मागच येतो.

कामात फरक मोठा आहे. मागावर धाग्यांचे दोन संच लागतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. सुयांवर एकच धागा फिरतो आणि आधीच्या ओळीतल्या फाशातून, म्हणजे धाग्याच्या मोकळ्या वळशातून, नवा फासा ओढून काढला जातो. म्हणूनच मागाचं कापड फारसं ताणलं जात नाही आणि सुयांवरचं ताणून पुन्हा जागेवर येतं.

क्रोशातही धागा एकच असतो. पण दोन सुयांवर त्या ओळीतले सगळे फासे एकाच वेळी सुईवर उघडे असतात, क्रोशात सहसा एकच. गप्पांच्या बैठकीत हा फरक लगेच जाणवतो. क्रोशा कुठेही मध्येच थांबवता येतो, फासा जरा लांब ओढून ठेवला की झालं. दोन सुयांचं काम ओळ पुरी करूनच खाली ठेवावं, कारण अर्ध्या ओळीवर सुई निसटली तर एकदम पन्नास टाके मोकळे होतात. 'थांब, एवढी ओळ होऊ दे' असं कुणी म्हटलं तर त्याचं बोलण्याकडे लक्ष नाही असं समजू नये.

'क्रोशे' हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. त्यामुळे 'क्रोशाची सुई' म्हणजे शब्दशः आकड्याची सुई, आणि ते नाव चपखल आहे. 'सुयांवरचं' आणि 'क्रोशाचं' एवढा फरक बोलण्यात पुरतो. 'विणकाम' दोघांच्या वर छत्रीसारखं राहू द्यावं, नवा शब्द घडवायची गरज नाही.

उभी ओळ

'टाका' या शब्दाकडे जरा जवळून बघू. शिवणात टाका म्हणजे धागा कापडातून आरपार जाणं. जखमेचा टाकाही तसाच. विणकामात कापडच अजून तयार नसतं, तिथे टाका म्हणजे सुईवरचा फासा. 'टाके घालणे' ही एकच क्रिया दोन्हीकडे, पण शिवणात ती जोडण्याची आणि विणकामात सुरुवातीची. कडेवरून नवे घेतो ते 'टाके उचलणे' आणि शेवटी करतो ते 'टाके बंद करणे'. हे तीन शब्द वेगळे ठेवले तर सूचना चुकत नाहीत.

बंद करताना दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उडवायचा, मग आणखी एक विणून पुन्हा तेच. ही कड हमखास घट्ट होते आणि गळा डोक्यातून जात नाही. एवढ्या ओळीपुरती एका मापाने जाड सुई घेतली की कड मोकळी राहते.

आता सुलट आणि उलट. रोजच्या बोलण्यात 'उलटसुलट' म्हणजे गोंधळ, इथे ती चोख जोडी आहे. सुलटला धागा कामाच्या मागे आणि सुई पुढून मागे जाते. उलटला धागा पुढे आणि सुई मागून पुढे येते. सुलट टाका उभ्या वेणीच्या एका पेरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. पण हे दोन निराळे टाके नव्हेतच, एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. समोरून सुलट दिसतो तो पलीकडून उलट. शिकणाऱ्याला हे एकदा दिसलं की पाठ करायचं काही उरत नाही. 'जसा दिसतो तसा विण' एवढीच सूचना बॉर्डरला पुरते.

चौपदरी

बॉर्डरला एक सुलट एक उलट करताना टाके वाढतात, ते कशामुळे? मोजून 40 घातलेले, दोन ओळींनंतर 43.

उभी ओळ

धागा चुकीच्या वाटेने पुढे येतो म्हणून. सुलट झाला की धागा दोन सुयांच्या टोकांमधून खालून पुढे आणायचा, मग उलट घ्यायचा. उलट झाला की त्याच वाटेने मागे न्यायचा. तो उजव्या सुईवरून पुढे आला तर सुईवर एक वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो टाकाच समजून विणला जातो, संख्या वाढते आणि तिथे भोक दिसतं. तीन वेळा असं झालं की 40 चे 43.

हीच गोष्ट मुद्दाम केली की जाळीची वीण. सुलट ओळीत धागा पुढे आणून पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणायचे. एक वाढला, एक घटला, संख्या तीच, भोक मात्र नेटकं. शब्दांत 'धागा पुढे' दोन्हीकडे येतो, म्हणून सांगताना 'सुयांमधून पुढे' आणि 'सुईवर वेढा' असा भेद करावा. तेवढ्याने निम्म्या चुका टळतात.

आकडा

मुका खांब. मला तो 'मुका मार'मधल्या मुक्यासारखा वाटतो. मार लागलेला असतो पण बाहेर जखम दिसत नाही. तसा हा खांब आहे, पण उभा राहिलेला दिसत नाही. नावाचा उगम काहीही असो, खुणेसाठी ते उत्तम आहे.

क्रोशाची मराठी नावं मला इंग्रजीपेक्षा जास्त आवडतात, कारण इंग्रजी नावं दोन पद्धतींत अडकली आहेत. अमेरिकी नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. दोघी शेजारी बसून एकच नमुना वाचताहेत आणि एकीचा रुमाल दुसरीच्या दुप्पट उंच होतोय, तर कारण बहुतेक हेच. ओळखायची खूण सोपी: नमुन्यात 'सिंगल क्रोशे' असेल तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत टाक्याला ते नावच नाही.

मराठीत सगळं सुईवरच्या वेढ्यांवर ठरतं. मुक्या खांबाला आधी वेढा नाही. घरात सुई घालून धागा ओढला की सुईवर दोन फासे, ते एकदम काढायचे, म्हणजे दोन्हींतून धागा ओढायचा. अर्ध्या खांबाला एक वेढा, धागा ओढल्यावर तीन फासे, तिन्ही एकदम. खांबालाही एकच वेढा आणि तीनच फासे, पण दोन-दोन करून दोनदा काढायचे. अर्धा आणि पुरा यांतला फरक वेढ्याचा नाही, काढण्याचा आहे. शिकणारे नेमके इथे चुकतात आणि एका ओळीत दोन्ही मिसळतात, मग ओळ लाटेसारखी खालीवर होते. दोन वेढ्यांच्या खांबाला चार फासे, दोन-दोन करून तीनदा.

ओळ वळताना उंचीइतक्या साखळ्या (फाशातून नुसता फासा ओढून केलेले टाके) घालायच्या: मुक्याला 1, अर्ध्याला 2, खांबाला 3, दोन वेढ्यांच्या खांबाला 4. त्या 3 साखळ्या म्हणजेच ओळीतला पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्यांच्या डोक्यावर घालायला विसरलं की दर ओळीत एक टाका घटतो आणि चौकोनाचा हळूहळू त्रिकोण होतो.

पीळ

क्रोशात 'घर' दोन अर्थांनी वापरतात, हेही नोंदवू या. एक म्हणजे सुई घालायची जागा, दुसरं जाळीतला रिकामा चौकोन. मी दुसरा अर्थच ठेवतो आणि पहिल्याला टाकाच म्हणतो. जाळीचं एक घर म्हणजे खांब, 2 साखळ्या, खालचे 2 टाके सोडून पुन्हा खांब. घर भरायचं असेल तर 2 साखळ्यांच्या जागी 2 खांब. 10 घरांच्या जाळीला सुरुवातीला 35 साखळ्या लागतात: दर घराला 3 प्रमाणे 30, वर 5. पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत.

आकडा

बरोबर. गोल विणताना आणखी दोन शब्द लागतात, 'झालर' आणि 'वाटी'. खांबांचा सपाट गोल 12 ने सुरू केला तर दर फेरीला 12 वाढतात: 12, 24, 36, 48. मुक्या खांबांचा असेल तर 6, 12, 18, 24. जास्त वाढवले की कडेला झालर पडते, कमी वाढवले की वाटी होते. टोपी करायची असेल तेव्हा हीच वाटी हवी असते. गोलाचा घेर डोक्याच्या मापाइतका झाला की वाढवणं थांबवायचं.

चौपदरी

आणि पडणं, गळणं, सुटणं?

उभी ओळ

माझ्या कानाला 'सुटणे' सुईपुरतं: टाका सुईवरून निसटला, अजून जागेवर आहे. 'गळणे' म्हणजे तो खालच्या ओळींतून उसवत गेला आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी राहिली. 'पडणे' दोन्हीला चालतं, पण मदत मागताना फरक कळलेला बरा. सुटलेला टाका नुसता सुईवर परत चढवायचा. गळलेल्याला आधी सेफ्टी पिन लावायची, म्हणजे तो आणखी खाली जात नाही.

मग क्रोशाची सुई घ्यायची. कामाची सुलट बाजू आपल्याकडे ठेवून गळलेल्या फाशात आकडा पुढून मागे घालायचा, शिडीची सगळ्यात खालची पायरी पकडायची आणि ती फाशातून आपल्याकडे ओढायची. ती पायरी आता नवा फासा झाली. वरची पकडायची, पुन्हा ओढायची. एखादी पायरी मध्ये राहून गेली तर पाठीमागे सैल धागा लोंबतो, म्हणून दर वेळी सगळ्यात खालचीच. उलट बाजूने टाका गळला असेल तर काम फिरवून सुलट बाजूने करणं सोपं.

पीळ

उसवणे आणि सोडवणे वेगळे ठेवावेतच. गुंता सोडवतात, वीण उसवतात. 'उलगडणे' घडीला. यांत आणखी एक गोष्ट राहते, ती म्हणजे चूक पाच टाके मागे असताना एकेक टाका परत डाव्या सुईवर घेत जाणं. त्याला 'मागे विणणे' म्हणावं. ओळीच्या आतली चूक मागे विणून दुरुस्त होते, चार-पाच ओळी खाली असेल तर बहुतेक वेळा उसवावंच लागतं. उसवलेली लोकर कुरळी राहते आणि तशीच विणली तर टाके खडबडीत दिसतात. तिची लड करावी, तीन-चार ठिकाणी सैल बांधून पाण्यात भिजवावी आणि टांगून वाळवावी.

आकडा

या शब्दांच्या यादीत 'हात' हवाच, म्हणजे विणताना धागा किती ओढून धरतो ते. 'हात घट्ट' आणि 'हात सैल' हे मराठीतले सगळ्यात उपयोगी दोन शब्दप्रयोग. चौघांनी मिळून एक पांघरूण करायचं तर प्रत्येकाला सारखे टाके देऊन चालत नाही. 10 सेंटिमीटरला एकीचे 20 बसतात, दुसरीचे 22, तिसरीचे 24. मग 15 सेंटिमीटरच्या चौकोनाला त्यांना 30, 33 आणि 36 टाके लागतील. माप ठरवून द्यावं, टाके नव्हे.

टाके मोजायचे नसतील तर चौकोन कोपऱ्यातून विणावा. एक टाका घालून दर ओळीच्या सुरुवातीला एक वाढवायचा, सगळ्या ओळी सुलट. बाजू 15 सेंटिमीटर झाली की दर ओळीला एक घटवत संपवायचं. बोलताना मोजणी चुकली तरी काम बिघडत नाही, फक्त हातातली मोजपट्टी खरी.

सुईबद्दलही एक. 'मोठ्या नंबरची सुई दे' असं म्हणू नये. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर 3.25. अमेरिकी 8 नंबर मात्र 5 मिलिमीटरचा. 'जाड' आणि 'बारीक' म्हणावं, नाहीतर सरळ मिलिमीटर.

चौपदरी

'लड', 'गुंडा' आणि 'गुंडी' यांतही गोंधळ होतो.

उभी ओळ

लड म्हणजे मोठा सैल वेटोळा. तिच्यावरून थेट विणायचं नसतं, लगेच गुंता होतो. गुंडा म्हणजे गुंडाळून केलेला गोळा, गुंडी म्हणजे लहान गोळा.

लडीचा गुंडा दोघांनी करण्याचं काम. एकाने दोन्ही हात खांद्याएवढे दूर धरायचे, अंगठे वर, लड मनगटांवर. बांधलेले दोरे लड हातांवर चढल्यानंतरच कापायचे. धागा ज्या बाजूने सुटेल तो हात जरा झुकवत राहायचं. दुसऱ्याने धागा तीन बोटांवरून गुंडाळायचा आणि दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी बोटं काढून दिशा बदलायची. बोटांच्या जाडीइतकी ढिलाई गुंड्यात राहते, ती लागतेच. आवळून गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आखडते.