फोन मराठीत केला की सर्व्हर तारीख घेत नाही

प्रश्न:
आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत अँड्रॉइड ॲप लिहिलंय. लिटर, फॅट आणि तारीख सर्व्हरला जाते, त्यावर दर दहा दिवसांनी बिल निघतं. परवा माप घेणाऱ्या काकांनी फोनची भाषा मराठी केली, तेव्हापासून त्यांची एकही नोंद जात नाही. बाकीचे फोन इंग्रजीत आहेत, तिथे सगळं सुरळीत. तारखेचा मजकूर सिम्पलडेटफॉरमॅट या तयार कोडने बनवतो: वर्षासाठी मोठे (कॅपिटल) चार वाय, महिन्यासाठी मोठे दोन एम, दिवसासाठी छोटे दोन डी, आणि लोकेल.गेटडिफॉल्ट, म्हणजे फोनची भाषा-प्रदेश सेटिंग असेल ती. लॉगमध्ये तर बरोबर दिसतेय:
२०२४-१०-०७
काकांना ‘भाषा परत इंग्रजी करा’ असं मला सांगायचं नाही. आत्ता कुठे त्यांना मेनू वाचता येतोय.

उत्तर १:
ती ओळ पुन्हा बघा, आकडे देवनागरी आहेत! आपल्या डोळ्यांना इतके सवयीचे की खटकतच नाहीत. सर्व्हरला हवंय 2024-10-07. मराठी लोकेलचे मूळ आकडेच देवनागरी आहेत. हिंदीचे इंग्रजी, त्यामुळे हिंदी फोनवर तपासलं असतं तरी हे सापडलं नसतं. सर्व्हरला जाणाऱ्या तारखेला लोकेल.यूएस (अमेरिकी इंग्रजी) द्या. स्क्रीनवरच्या तारखेला गेटडिफॉल्टच ठेवा, काकांना ‘सोमवार, ७ ऑक्टोबर’ असंच दिसू दे.

उत्तर २:
आणि ते वाय आजच छोटे करा. मोठा वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष, तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते; छोटा वाय म्हणजे नेहमीचं वर्ष. २९ डिसेंबर २०२४ला रविवार आहे, लोकेल.यूएसच्या हिशेबात तो आठवडा २०२५चा पहिला, म्हणून तारीख निघेल 2025-12-29. वर्षभर काही कळत नाही आणि शेवटच्या आठवड्यात बिलं चुकतात. अँड्रॉइड ८ किंवा पुढचे फोन असतील तर तारखेसाठी लोकलडेट हा प्रकार वापरा, त्याच्या टूस्ट्रिंगला (तारखेचा मजकूर करणाऱ्या फंक्शनला) लोकेल लागतच नाही.

प्रश्नकर्ता:
दोन्ही केलं, नव्या नोंदी जातायत. पण जुन्या नोंदी काकांच्या फोनमधल्या डेटाबेसमध्ये देवनागरीतच पडून आहेत आणि तारखेने शोधल्या की सापडत नाहीत. शेतकऱ्यांचं दूध आहे हो ते, एकही नोंद गमवायची नाही.

उत्तर १:
नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की एकदाच दुरुस्ती चालवा. तारखेतलं एकेक अक्षर कॅरेक्टर.डिजिट या फंक्शनला द्या, पाया १० (म्हणजे दशमान); ते अक्षराची संख्या सांगतं. देवनागरी ७ दिलात तरी संख्या सातच मिळते, इंग्रजी आकड्यांनाही धक्का लागत नाही. रेघ आली की उणे एक मिळतं, ती तशीच ठेवा. आधी डेटाबेसची प्रत मात्र काढून घ्या.

प्रश्नकर्ता:
चार दिवसांच्या, दोन्ही वेळच्या मिळून ३१२ नोंदी होत्या. वहीशी ताडून पाहिल्या, सगळ्या पोचल्या. काकांचा फोन मराठीतच आहे.