मदत हवी आहे: एकच ड्रायव्हर फ्रीआरटीओएस, झेफिर आणि लिनक्सवर कसा चालवावा?

मंडळी, एसपीआय बसवर जोडलेल्या एका एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या) चिपचा सी मध्ये लिहिलेला ड्रायव्हर फ्रीआरटीओएसवर (छोट्या बोर्डांसाठीची रिअल-टाइम ओएस, म्हणजे आरटीओएस) व्यवस्थित चालतोय. पुढचा बोर्ड झेफिर या दुसऱ्या आरटीओएसवर आहे, आणि टेस्टिंगसाठी तोच कोड लिनक्सच्या यूजरस्पेसमधूनही (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून) हवाय. तीन प्रती सांभाळायच्या नाहीत.

रजिस्टर आणि कॅलिब्रेशनचं गणित सुटलंय. रीड, राइट, डिलेचे फंक्शन पॉइंटर एका स्ट्रक्टमध्ये दिले, बॉशच्या सेन्सर ड्रायव्हरमध्ये असतात तसे. घोडं अडलंय ते वाट पाहण्यापाशी. डेटा तयार झाला की चिप इंटरप्ट देते, तोवर ड्रायव्हर सेमाफोरवर (इशारा येईपर्यंत टास्क थांबवून ठेवणारी ओएसची सोय) थांबतो. फ्रीआरटीओएसला इंटरप्टमधून सेमाफोर द्यायला वेगळं 'फ्रॉमआयएसआर'वालं फंक्शन लागतं, झेफिरचं 'के_सेम_गिव्ह' टास्क आणि इंटरप्ट दोन्हीकडून चालतं, आणि लिनक्स यूजरस्पेसमध्ये आयएसआरच (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) नाही, जीपीआयओ पिनच्या फाइल डिस्क्रिप्टरवर पोल करायचं. या सगळ्यावर ओएस-लेयर लिहायला घेतला तर म्यूटेक्स, क्यू, टाइमर एकेक करून आत यायला लागले. हे म्हणजे नवीन आरटीओएसच झालं! लेयर नेमका कुठे कापायचा? आणि झेफिरची डिव्हाइसट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) कंपाइल होतानाच मॅक्रो बनते, मग पिनची माहिती ड्रायव्हरला कशी द्यायची?

प्रतिसाद १:
सेमाफोर ड्रायव्हरच्या आत हवाच कशाला? गाभ्याला, म्हणजे तिन्हीकडे सारख्या असणाऱ्या कोडला, थांबूच देऊ नका, स्टेट मशीन करा. 'सुरू कर', 'डेटा तयार', 'वेळ संपली' एवढे इव्हेंट बाहेरून द्या. गाभा फक्त पुढे काय हवं ते सांगेल: इंटरप्ट हवा, की अमुक मायक्रोसेकंदांनी परत बोलवा. आयएसआरने नुसता इशारा द्यायचा, गाभा टास्कमधूनच बोलवायचा. थांबणं प्रत्येक ओएसच्या पातळ कवचात. पिनसुद्धा तिथेच: झेफिरचं कवच मॅक्रो वाचून स्ट्रक्ट भरेल.

वेळ मायक्रोसेकंदांतच ठेवा, टिकमध्ये (ओएसच्या घड्याळाच्या ठोक्यांत) नको. फ्रीआरटीओएसचा टिक १०० हर्ट्झ असेल तर ५ मिलिसेकंदांचे टिक शून्य होतात, आणि रिसेटनंतरची विश्रांती गुपचूप गायब!

डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेणं) वापरत असाल तर बफरही कवचानेच द्यावा. कॉर्टेक्स-एम७ वर डेटा कॅश चालू असेल तर हा बफर ३२ बाइटच्या सीमेवर लागतो, गाभ्याला त्याचं काय?

धागाकर्ता:
हे पटलं. पण दोन टास्क एकाच वेळी रीडिंग मागू लागले तर लॉक कुठे?

प्रतिसाद १:
कवचातच. लिनक्सवर एकच थ्रेड असेल तर तिथे लॉक लिहूच नका.