मदत हवी आहे: यकृताच्या स्लाइडवर प्रोटिओग्लायकॅन दिसत का नाहीत?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यकृतातल्या पेशींबाहेरच्या जाळ्यातले प्रोटिओग्लायकॅन (प्रथिनाचा कणा आणि त्याला जोडलेल्या साखरेच्या लांब साखळ्या), हा माझा प्रोजेक्ट. तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

सकाळी सातला मटणवाल्याकडून बकऱ्याची ताजी कलेजी घेते आणि बर्फाच्या डब्यात घालून स्कूटरवरून थेट लॅब गाठते. फॉर्मालिन, पॅराफिन, ५ मायक्रॉनचे काप, मग अल्शियन ब्लू (या साखळ्यांना निळं करणारा रंग), पीएच २.५. पोर्टल भागात (जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जातात) आणि मोठ्या शिरांभोवती फिकट निळं येतं. पण पेशींच्या रांगा आणि सायनुसॉइड (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या) यांच्यामधली डिसची पोकळी, जिथे मला खरं बघायचंय, तिथे काहीच नाही. रंगातच दोष असेल म्हणून त्याच दुकानातून श्वासनळी आणली. तिचा कूर्चा गडद निळा झाला. म्हणजे रंग ठीक आहे.

पपेन या एन्झाइमने ऊतक पचवून, सल्फेट असलेल्या साखळ्यांशी जुळणाऱ्या डीएमएमबी या रंगानेही मोजलं. आकडे दर वेळी वेगळे. तुलनेसाठीचं स्टँडर्ड कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं (अशाच एका साखळीचं) होतं.

गाइड म्हणतात, निरोगी यकृतात हे असतंच कमी, विषय बदल. कमी असतं हे मान्य, पण नाहीच असं कसं? मलेरियाचे स्पोरोझोइट (डासातून शरीरात येणारं परजीवीचं रूप) यकृतावर येऊन थांबतात तेच मुळी तिथल्या भरपूर सल्फेट असलेल्या हेपॅरन सल्फेट या साखळीला चिकटून. आणि त्याचंच भावंड हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं, तर १९१६ मध्ये जे मॅक्लीन या संशोधकाला कुत्र्याच्या यकृतातच सापडलं, नावही यकृताच्या ग्रीक शब्दावरून पडलं.

विषय सोडवत नाही. बाबांना यकृताचा फायब्रोसिस आहे, म्हणजे यकृतात व्रणासारखं ऊतक साठतंय. त्याबद्दल वाचायला बसले की सगळीकडे कोलॅजेनच. फायब्रोसिस वाढवणाऱ्या टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाला धरून ठेवणारं डेकोरिन, पेशीच्या पडद्यावरचं सिंडेकॅन, पर्लेकॅन, यांच्याबद्दल मराठीत तर एक ओळ सापडली नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं, माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद:

तुझं फारसं चुकलेलं नाही, पद्धत या जागेला अपुरी आहे. डिसची पोकळी एक मायक्रॉनसुद्धा रुंद नसते आणि तिथे सलग बेसमेंट मेम्ब्रेनही (पेशींखालचा जाळ्याचा पातळ पडदा) नसते. एवढ्याशा थरातला निळा रंग साध्या सूक्ष्मदर्शकातून कुठून दिसणार? कूर्च्याशी तुलनाच नको, तो जवळजवळ कोलॅजेन आणि ॲग्रीकॅन या प्रोटिओग्लायकॅनचाच बनलेला.

गोठवलेले काप घे. हेपॅरिनेज ३ या एन्झाइमने हेपॅरन सल्फेटच्या साखळ्या काप आणि ३जी१० ही अँटिबॉडी लाव. साखळी तुटल्यावर प्रथिनाच्या कण्यावर जो खुंट उरतो, त्यालाच ती धरते. शेजारच्या कापावर एन्झाइम घालू नकोस, तो कंट्रोल. ही पायरी गाळलीस तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

डीएमएमबीचं म्हणशील तर यकृतात डीएनए-आरएनए भरपूर, तेही या रंगाशी जुळतात. शिवाय हेपॅरन सल्फेट कॉन्ड्रॉइटिनइतका रंग देत नाही, तेव्हा स्टँडर्ड हेपॅरन सल्फेटचं घे. नमुन्याचे दोन भाग कर. एकावर नायट्रस ॲसिड वापर, मग ते नीट निष्प्रभ करून मोज. त्याने हेपॅरन सल्फेट तुटतं, कॉन्ड्रॉइटिन आणि डर्माटन या साखळ्या राहतात. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुझं हेपॅरन सल्फेट. हायलुरोनन ही साखळी यात येत नाही, त्याला सल्फेटच नाही.

आणि मॅक्लीनचा दाखला काढून टाक. हेपॅरिन मास्ट पेशींमधलं (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी), आणि कुत्र्याच्या यकृतात त्या भरपूर असतात. त्यावरून जाळ्यातल्या प्रोटिओग्लायकॅनबद्दल काही सिद्ध होत नाही. मलेरियाचा मुद्दा मात्र पक्का आहे, गाइडना तोच दाखव.

धागाकर्ती:

ताई, खूप आभार. मास्ट पेशींचं लक्षातच आलं नव्हतं, तो परिच्छेद आजच काढते. एक शंका: ३जी१० बकऱ्याच्या ऊतकावर चालेल का?

प्रतिसाद:

चालायला हवी. ती ओळखते तो खुंट साखरेचा, त्यामुळे प्राणी कुठला याने फरक पडत नाही. फक्त ३जी१० उंदराची आहे, तेव्हा तिला धरून रंग दाखवणारी दुसरी अँटिबॉडी बकऱ्यात बनवलेली असली तरी ती उंदराच्या अँटिबॉडीविरुद्धची आहे ना, आणि ब्लॉकिंग (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून केलेली पायरी) नीट होतंय ना, ते बघ.

धागाकर्ती:

बघते. आता अडचण हेपॅरिनेजची. अख्खी बाटली आमच्या विभागाला परवडणार नाही. पुण्यात कुणाच्या लॅबमध्ये थोडं शिल्लक असेल आणि दोन-तीन स्लाइडपुरतं देता येत असेल तर इथेच कळवा. बर्फ घेऊन मी स्वतः येईन.